मोतीलाल चिमणलाल सेटलवाड

मोतीलाल चिमणलाल सेटलवाड (१२ नोव्हेंबर, इ.स. १८८४ - १ ऑगस्ट, इ.स. १९७४) हे भारतीय कायदेपंडित, मुंबई प्रांताचे माजी महाधिवक्ता आणि स्वतंत्र भारताचे पहिले महान्यायवादी होते. २८ जानेवारी १९५० ते १ मार्च १९६३ अशी सलग तेरा वर्षे त्यांनी महान्यायवादीपद सांभाळले. या पदावरील हा आजवरचा सर्वाधिक काळ आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या विधी आयोगाचे ते अध्यक्ष होते. इ.स. १९५७ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला.

एखादा कायदा राज्यघटनेशी सुसंगत आहे की नाही, याचा अंतिम निर्णय भारतात न्यायालये देतात. तथापि प्रकरण न्यायालयात पोहोचण्यापूर्वी शासनाला स्वतःच हा प्रश्न तपासावा लागतो. केंद्रातील या तपासणीची सुरुवातीची वहिवाट सेटलवाड यांच्या कार्यकाळात घडली. त्यामुळे त्यांचे चरित्र भारतीय घटनात्मक इतिहासाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते.

जन्म व शिक्षण

सेटलवाड यांचा जन्म अहमदाबाद येथे एका गुजराती कुटुंबात झाला. त्यांचे वडील सर चिमणलाल हरिलाल सेटलवाड हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. चिमणलाल यांनी इ.स. १९१७ ते १९२९ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचे ते सदस्य होते आणि समितीतील भारतीय सदस्यांच्या वेगळ्या अल्पमत अहवालावर त्यांची स्वाक्षरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९२४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षपदही चिमणलाल यांच्याकडे होते.

मोतीलाल यांनी कायद्याचे शिक्षण मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात घेतले आणि इ.स. १९११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. त्या काळी या न्यायालयात महंमद अली जिना, भुलाभाई देसाई, जमशेटजी कांगा यांसारखे वकील काम करीत होते. पुढे सेटलवाड यांनी भुलाभाई देसाई यांचे चरित्रही लिहिले.

मुंबईचे महाधिवक्ता

भारत सरकार कायदा, १९३५ अन्वये प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि इ.स. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. त्याच वर्षी सेटलवाड मुंबईचे महाधिवक्ता झाले. या कायद्याने विधिमंडळाचे विषय केंद्र व प्रांत यांच्यात वाटून दिले होते. प्रांताने केलेला कायदा आपल्या सूचीच्या बाहेर जात असेल, तर न्यायालय तो रद्द ठरवू शकत असे. त्यामुळे प्रस्तावित कायदा प्रांताच्या अधिकारात बसतो की नाही, याविषयी प्रांतिक सरकारला सल्ला देणे हा महाधिवक्त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग बनला. इ.स. १९४२ च्या चले जाव आंदोलनाच्या काळात सेटलवाड यांनी हे पद सोडले.

फाळणी व संयुक्त राष्ट्रे

इ.स. १९४७ मध्ये पंजाबच्या विभाजनासाठी सर सिरिल रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली सीमा आयोग नेमण्यात आला. लाहोर येथील सुनावणीत सेटलवाड यांनी काँग्रेसची बाजू मांडली, तर मुस्लिम लीगची बाजू महंमद जफरुल्ला खान यांनी मांडली. जानेवारी १९४८ मध्ये काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला, तेव्हा गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात सेटलवाड यांचा समावेश होता.

महान्यायवादीपद

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. २८ जानेवारी रोजी संसद भवनात सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले व त्याच दिवसापासून सेटलवाड यांची महान्यायवादी म्हणून कारकीर्द सुरू झाली. मुंबईचेच चंद्रकिसन दफ्तरी हे पहिले सॉलिसिटर जनरल झाले.

महान्यायवादीपदाची तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद ७६ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती राष्ट्रपती या पदावर नेमतात. त्याने पाठविलेल्या कायदेविषयक बाबींवर भारत सरकारला सल्ला द्यावा, असे घटना सांगते. अनुच्छेद ८८ नुसार तो संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलू शकतो. परंतु त्याला मतदानाचा अधिकार नसतो. इंग्लंडमध्ये हे पद सत्तारूढ पक्षाच्या राजकीय व्यक्तीकडे असते व ती मंत्रिगणातील मानली जाते. भारतात मात्र महान्यायवादी मंत्रिमंडळाचा सदस्य नसतो. दुसरीकडे, त्याला ठरावीक मुदतही नसते. राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात सरकारची, मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. स्वतंत्र मत देणे अपेक्षित असलेले हे पद सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते, ही विसंगती त्याच्या रचनेतच आहे.

नियुक्तीच्या वेळी सेटलवाड यांनी वयाची ६५ वर्षे पूर्ण केली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश याच वयात निवृत्त होतात. महाधिवक्त्याच्या बाबतीत असाच प्रश्न पुढे नागपूर उच्च न्यायालयात उपस्थित झाला. कारकरे विरुद्ध शेवडे या इ.स. १९५२ च्या प्रकरणात न्यायाधीशाची वयोमर्यादा महाधिवक्त्यास लागू होत नाही, असा निर्णय देण्यात आला.

कार्यकारी मंडळाकडून होणारी तपासणी

केंद्र सरकारच्या एखाद्या मंत्रालयाला कायदा करावयाचा असल्यास त्याचा प्रस्ताव विधी मंत्रालयाकडे जातो. तेथे विषय कोणत्या सूचीत येतो, मूलभूत हक्कांना बाधा येते काय, आधीच्या न्यायनिर्णयांशी विरोध होतो काय, या प्रश्नांची छाननी होते आणि मसुदा तयार केला जातो. प्रश्न अवघड असल्यास महान्यायवादीचे मत घेतले जाते. त्यानंतर विधेयक मंत्रिमंडळापुढे व पुढे संसदेत जाते. संसदेने संमत केलेले विधेयक अनुच्छेद १११ नुसार राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठविले जाते. कायद्याविषयी शंका असल्यास राष्ट्रपती अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवू शकतात.

राज्यांतही अशीच साखळी आहे. महाराष्ट्रात विधी व न्याय विभाग विधेयकांची छाननी करतो व अनुच्छेद १६५ खाली नेमलेला महाधिवक्ता राज्य सरकारला सल्ला देतो. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपाल अनुच्छेद २०० नुसार राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. अशी विधेयके केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत संबंधित मंत्रालयांकडे व विधी मंत्रालयाकडे तपासणीस जातात.

अन्य देशांत या तपासणीचे स्वरूप वेगवेगळे आहे. फ्रान्समध्ये शासकीय विधेयके मंत्रिमंडळापुढे येण्याआधी राज्य परिषद या संस्थेचे मत घेणे बंधनकारक आहे. फिनलंडमध्ये न्याय-कुलपती हा अधिकारी शासनाच्या निर्णयांची कायदेशीरता पाहतो. भारतात महान्यायवादीचे मत घेणे सरकारवर बंधनकारक नाही आणि ते मत सामान्यतः प्रसिद्धही केले जात नाही. त्यामुळे या तपासणीचे मोल बरेचसे सल्ला देणाऱ्याच्या निःपक्षपातीपणावर आणि तो ऐकण्याच्या सरकारच्या तयारीवर अवलंबून राहते.

जमीन सुधारणा कायदे

संमतीपूर्वीच्या तपासणीची मर्यादा पहिल्याच वर्षी स्पष्ट झाली. बिहारच्या जमीन सुधारणा विधेयकाविषयी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांना आक्षेप होते. तरीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार त्यांनी सप्टेंबर १९५० मध्ये संमती दिली. अशा संमतीमुळे कायद्याला अनुच्छेद ३१(४) चे संरक्षण मिळत असे. परंतु ते नुकसानभरपाईविषयीच्या आक्षेपांपुरतेच होते. १२ मार्च १९५१ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ मधील समानतेच्या आधारे हा कायदा अवैध ठरविला. नागपूर व अलाहाबाद उच्च न्यायालयांनी मात्र आपापल्या राज्यांतील तत्सम कायदे वैध मानले.

यावर उपाय म्हणून जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करण्यात आली व नववी अनुसूची जोडली गेली. या अनुसूचीत प्रारंभी तेरा कायदे होते. त्यांत मुंबई राज्याचा इ.स. १९४८ चा कूळवहिवाट कायदा, खोती निर्मूलन कायदा, परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा, तसेच हैदराबादचे जहागीर निर्मूलनाविषयीचे दोन विनियम यांचा समावेश होता. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसह संपूर्ण मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे दिल्लीत चाललेल्या या घटनात्मक वादाचा संबंध कोकणातील खोतीच्या गावांशी, तसेच मराठवाड्यातील जहागिरीच्या गावांशीही होता.

पहिल्या घटनादुरुस्तीस शंकरीप्रसाद प्रकरणात आव्हान देण्यात आले. सेटलवाड यांनी केंद्र सरकारची बाजू मांडली व ५ ऑक्टोबर १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. पुढील वर्षी बिहारच्या मूळ प्रकरणातही ते राज्याच्या बाजूने उभे राहिले. याच सुनावणीत उत्तर प्रदेशातील काही जमीनदारांची बाजू डॉ. आंबेडकर यांनी मांडली. पहिली घटनादुरुस्ती संसदेत आली तेव्हा आंबेडकर स्वतः विधिमंत्री होते. न्यायालयाने बिहारच्या कायद्यातील दोन तरतुदी रद्द करून उर्वरित कायदा वैध मानला.

राष्ट्रपतींच्या अधिकाराविषयीचे मत

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून गंभीर प्रश्न उभा राहिला. प्रौढ मतदानाने निवडून न आलेल्या अंतरिम संसदेने इतका व्यापक सामाजिक कायदा करू नये, असे राजेंद्र प्रसाद यांचे मत होते. विधेयकावर आपण स्वतःच्या विवेकानुसार निर्णय घेऊ इच्छितो, असे त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना कळविले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविरुद्ध विधेयकाची संमती नाकारू शकतात काय, हा यातील मूळ प्रश्न होता.

नेहरूंनी सेटलवाड आणि मद्रासचे कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मते मागविली. राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजाप्रमाणे असून अनुच्छेद ७४ नुसार त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, असे मत दोघांनीही दिले. त्या वेळी हे विधेयक संसदेतच मागे पडल्याने संघर्ष टळला. विधेयक बारगळल्यामुळे आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनामा दिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, इ.स. १९५५ व १९५६ मध्ये, हिंदू कोड बिलाचा आशय चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाला व राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना संमती दिली.

या मताचा परिणाम दूरगामी ठरला. कायद्याच्या घटनात्मकतेविषयी राष्ट्रपती शंका उपस्थित करू शकतात, पण शेवटचा शब्द लोकांना उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळाचा, ही भूमिका त्यातून स्थिरावली. सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९५५ मध्ये रामजवाया कपूर प्रकरणात आणि २३ ऑगस्ट १९७४ रोजी शमशेर सिंग प्रकरणात तीच भूमिका घेतली. शमशेर सिंग प्रकरणाचा निकाल सेटलवाड यांच्या निधनानंतर तीन आठवड्यांनी लागला. इ.स. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन अनुच्छेद ७४ मध्ये स्पष्टपणे नमूद केले, इ.स. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतींना मिळाली.

सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविलेले संदर्भ

शासनाला स्वतःच्या कायद्याविषयी शंका आल्यास अनुच्छेद १४३ चा मार्ग उपलब्ध असतो. सेटलवाड यांच्या कार्यकाळातील पुढील तीन संदर्भ विशेष महत्त्वाचे आहेत.

दिल्ली कायदे प्रकरण (१९५१): संसद आपला कायदे करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाकडे किती प्रमाणात सोपवू शकते, हा यातील प्रश्न होता. संघीय न्यायालयाच्या इ.स. १९४९ मधील एका निर्णयामुळे अनेक कायद्यांची वैधता संशयित झाली होती. अनुच्छेद १४३ खालील हा पहिला संदर्भ होय. सात न्यायाधीशांनी सात स्वतंत्र मते लिहिली. बहुतांश तरतुदी वैध ठरल्या. मात्र अधिकार सोपविण्याला मर्यादा असल्याचे स्पष्ट झाले.

केरळ शिक्षण विधेयक (१९५८): केरळच्या विधानसभेने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले. राष्ट्रपतींनी त्यावर न्यायालयाचे मत मागविले. केरळ सरकारतर्फे इंग्रज वकील डी. एन. प्रिट यांनी युक्तिवाद केला. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांविषयीच्या काही तरतुदी अनुच्छेद ३०(१) शी विसंगत असल्याचे मत न्यायालयाने २२ मे १९५८ रोजी दिले. विधेयकात दुरुस्त्या झाल्यानंतर इ.स. १९५९ मध्ये त्यास संमती मिळाली. कायदा अमलात येण्यापूर्वीच त्यातील दोष दूर झाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

बेरुबारी प्रकरण (१९६०): इ.स. १९५८ च्या नेहरू-नून करारानुसार पश्चिम बंगालमधील बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला द्यावयाचा होता. हा करार केवळ सीमानिश्चितीचा असून त्यासाठी कायद्याची गरज नाही, असा युक्तिवाद सेटलवाड यांनी सरकारतर्फे केला. न्यायालयाने तो अमान्य केला. भूप्रदेश दुसऱ्या देशास देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक असल्याचे मत मार्च १९६० मध्ये देण्यात आले व त्यानुसार नववी घटनादुरुस्ती करण्यात आली.

स्वातंत्र्यविषयक खटले

सल्लागार आणि सरकारी वकील या दोन भूमिका महान्यायवादीच्या ठायी एकत्र येतात. ए. के. गोपालन प्रकरणात (१९५०) सेटलवाड यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याचे समर्थन केले. न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध मानला, पण त्याचे कलम १४ रद्द केले. त्याच महिन्यात ब्रिजभूषण प्रकरणात ऑर्गनायझर साप्ताहिकावरील पूर्वनियंत्रणाचा आदेश टिकला नाही. तेथेही सरकारची बाजू त्यांनी मांडली होती. वास्तविक युद्धकाळातील नागरी स्वातंत्र्य या विषयावर त्यांनी इ.स. १९४६ मध्ये ग्रंथ लिहिला होता.

मुंद्रा चौकशी व विधी आयोग

आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे समभाग खरेदी केल्याच्या प्रकरणाची चौकशी इ.स. १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगाने केली. मुंबईत झालेल्या जाहीर सुनावणीत सेटलवाड यांनी आयोगाला साहाय्य केले. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. छागला यांनीही तसाच निष्कर्ष काढला व अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

इ.स. १९५५ ते १९५८ या काळात सेटलवाड विधी आयोगाचे अध्यक्ष होते. न्यायव्यवस्थेतील सुधारणांविषयीचा आयोगाचा चौदावा अहवाल इ.स. १९५८ मध्ये सादर झाला. न्यायाधीशांच्या नेमणुकांवर राजकीय व प्रादेशिक विचारांचा प्रभाव पडत असल्याची टीका त्यात होती. महान्यायवादी पदावर असतानाच त्यांनी ही टीका केली. सरकारने ती मान्य केली नाही; परंतु ते पदावर कायम राहिले.

हेग येथील दावा

इ.स. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. तेथे जाण्यासाठी भारतीय प्रदेशातून मार्ग मिळावा, म्हणून पोर्तुगालने इ.स. १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. सेटलवाड यांनी भारताची बाजू मांडली. छागला हे भारतातर्फे नेमलेले तात्पुरते न्यायाधीश होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांपुरता पोर्तुगालचा हक्क मान्य केला. सैन्य, पोलीस व शस्त्रे यांच्याबाबत तो नाकारण्यात आला आणि भारताने कोणत्याही बंधनाचा भंग केला नसल्याचे जाहीर झाले.

निवृत्तीनंतर

मार्च १९६३ मध्ये सेटलवाड निवृत्त झाले व दफ्तरी त्यांच्या जागी आले. इ.स. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यात केशव सिंग प्रकरणावरून संघर्ष झाला. विधानसभेने दोन न्यायाधीशांना आपल्यापुढे हजर करण्याचा आदेश दिला होता. राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला. सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे सेटलवाड यांनी न्यायाधीशांची, तर महाराष्ट्राचे महाधिवक्ता होरमसजी सीरवाई यांनी विधानसभेची बाजू मांडली. न्यायालयाचे बहुमत न्यायाधीशांच्या बाजूने झाले.

१ ऑगस्ट १९७४ रोजी सेटलवाड यांचे निधन झाले.

ग्रंथलेखन

सेटलवाड यांनी इंग्रजीत लेखन केले. इंग्लंडमधील हॅम्लिन व्याख्यानमालेत त्यांनी दिलेली व्याख्याने 'द कॉमन लॉ इन इंडिया' या नावाने इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. भुलाभाई देसाई यांचे चरित्र आणि 'माय लाइफ, लॉ अँड अदर थिंग्ज' हे आत्मचरित्र हे त्यांचे अन्य उल्लेखनीय ग्रंथ होत.

महत्त्व

सेटलवाड यांच्या कारकिर्दीतून कार्यकारी तपासणीची उपयुक्तता व मर्यादा दोन्ही दिसतात. केरळच्या विधेयकातील दोष या मार्गाने वेळीच दूर झाले. बेरुबारी प्रकरणात मात्र खुद्द महान्यायवादीची भूमिका न्यायालयाने नाकारली. राष्ट्रपतींच्या अधिकाराविषयी त्यांनी दिलेले मत सरकारला अनुकूल होते, तर मुंद्रा चौकशीतील भूमिका व चौदावा अहवाल सरकारला अडचणीचे ठरले. महान्यायवादीच्या स्वातंत्र्याला घटनेत मुदतीचे संरक्षण नसल्याने ते पदाधिकाऱ्याच्या वर्तनावर आणि सरकारच्या संयमावर टिकते. पुढील काळात या पदाच्या स्वायत्ततेविषयी चर्चा झाली, तेव्हा सेटलवाड यांच्या कार्यकाळाचा वारंवार दाखला देण्यात आला.